पाचवा महिना, हिमोग्लोबिन ९.८, मासेबंदी आणि पुढे श्रावण: खाणेपिणे कसे सांभाळावे?

सुरंगी, डिचोली

सर्वांना नमस्कार. मी पहिलटकरीण आहे आणि मला पाचवा महिना चालू आहे. मागच्या तपासणीत हिमोग्लोबिन ९.८ आले. डॉक्टरांनी आयर्नच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या आणि खाण्यापिण्याकडे लक्ष द्या असे सांगितले. बाहेर रांग मोठी होती, त्यामुळे लक्ष द्यायचे म्हणजे नेमके काय करायचे हे विचारणे राहून गेले.

आमच्याकडे गोव्यात एरवी रोज हुमण-भात, म्हणजे माशांची आमटी आणि भात असतो. मात्र पावसाळी मासेमारीबंदीमुळे १ जूनपासून ट्रॉलर बंद आहेत आणि बाजारात येणारे बर्फातले मासे बाहेरच्या राज्यांतले असतात. २०१८ साली मासे टिकवायला फॉर्मेलिन हे रसायन वापरतात असा विषय निघाल्यापासून सासरे असे मासे घरात आणत नाहीत. ३१ जुलैला बंदी उठेपर्यंत श्रावण तोंडावर येतो, आणि श्रावणापासून चतुर्थी पार पडेपर्यंत आमच्या घरात शिवराकच (शाकाहारी जेवण) असते, अंडेसुद्धा आणत नाहीत. म्हणजे ज्या महिन्यांत बाळ वाढायचे त्याच महिन्यांत माझ्या ताटात मासळी नाही.

दुसरी अडचण पथ्याची आहे. सासूबाई फार मायेने करतात, त्यांच्याविषयी माझी तक्रार मुळीच नाही. पण त्यांच्या मते कुळीथ उष्ण, नाचणी थंड, पपई आणि अननस तर घरातच आणायचे नाहीत, आणि पावसात पालेभाजी नको. शिवाय आता दोन जिवांसाठी जेवायला हवे म्हणून भाताची दुसरी वाढ ठरलेली असते. आयर्नच्या गोळीने मळमळते, म्हणून ती मी सकाळच्या चहाबरोबर घेते. हे सगळे बरोबर आहे का, आणि पुढचे दोन-तीन महिने प्रथिने कुठून मिळवावीत, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.


निवृत्त आरोग्यसेविका, सत्तरी

सुरंगीताई, तुम्ही पदार्थांविषयी बरेच विचारले आहे, पण सर्वांत आधी मला त्या सकाळच्या चहाविषयी बोलावेसे वाटते. चहातील टॅनिन लोहाला धरून ठेवते, त्यामुळे गोळी पोटात गेली तरी तिच्यातील लोह रक्तात पुरेसे उतरत नाही. दूध आणि कॅल्शियमची गोळी यांचाही तसाच अडथळा होतो. मी घरोघरी भेटीला जात असे तेव्हा हाच घोळ सर्वाधिक दिसायचा: सगळ्या गोळ्या एकदम तळहातावर घ्यायच्या आणि चहाच्या घोटाबरोबर गिळून मोकळे व्हायचे. बाई इमानेइतबारे गोळ्या घेत असते, पाकिटे रिकामी होत असतात, आणि तरीही पुढच्या तपासणीत आकडा तिथल्या तिथेच असतो.

सरकारी कार्यक्रमात मिळणाऱ्या आयर्नच्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. ती चौथ्या महिन्यापासून रोज घ्यायची असते आणि बाळंतपणानंतरही १८० दिवस चालू ठेवायची असते. कॅल्शियमची ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा असते. तुम्हाला डॉक्टरांनी वेगळे प्रमाण लिहून दिले असेल तर तेच पाळा, पण वेळा अशा बांधून घ्या: कॅल्शियमची एक गोळी सकाळच्या खाण्याबरोबर, दुसरी दुपारच्या जेवणाबरोबर, आणि आयर्नची गोळी रात्री जेवणानंतर दोन तासांनी, निजण्यापूर्वी, पेलाभर लिंबूपाण्याबरोबर. लिंबातील क जीवनसत्त्वामुळे लोहाचे शोषण वाढते, आणि रात्री घेतल्यावर मळमळ सुरू होण्याआधी बहुधा झोप लागते. गोळीमुळे शौचाचा रंग काळा होतो, त्याला घाबरू नका. चहा अजिबात सोडण्याची गरज नाही, पण दिवसाला दोन कपांवर ठेवा आणि जेवणाच्या आधी व नंतर किमान तासभर घेऊ नका. दिवसभरात २०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफिन पोटात जाऊ नये असे सांगतात. चहाच्या एका कपात साधारण ३० ते ६५ मिलिग्रॅम असते आणि फिल्टर कॉफीत त्याहून बरेच जास्त.

गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले की त्याला रक्तक्षय म्हणतात, आणि ७ ते ९.९ हा मध्यम गट आहे. तुम्ही त्या गटाच्या वरच्या टोकाला आहात, म्हणून भिण्याचे कारण नाही, मात्र सातवा-आठवा महिना येईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. या गटात गोळीचे प्रमाण बहुधा दुप्पट करतात, पण तो निर्णय डॉक्टरांचा आहे. स्वतःहून दुसरी गोळी घेऊ नका. महिन्याभराने रक्त पुन्हा तपासून घ्या. गोळी वेळेवर आणि नीट घेतली तर महिन्याला सुमारे १ ग्रॅम वाढ दिसायला हवी. ती दिसली नाही तर गोळी उपयोगाची नाही असे समजून सोडून देऊ नका, तर कारण शोधायला सांगा. पोटात जंत असू शकतात, बी-१२ जीवनसत्त्व कमी असू शकते, किंवा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहकपण असू शकते, आणि ते साध्या हिमोग्लोबिनच्या तपासणीत कळत नाही. जंताची गोळी दुसऱ्या तिमाहीत एकदा देतात. ती मिळाली नसेल तर विचारून घ्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्यकेंद्रांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. त्या दिवशी डॉक्टरांना विचारायचे प्रश्न घरूनच कागदावर लिहून न्या.

आता जेवणाचे. सर्वसाधारण वजनाच्या बाईला एरवी दिवसाला सुमारे ४५ ग्रॅम प्रथिने लागतात असे धरले, तर दुसऱ्या तिमाहीत त्यांत साधारण साडेनऊ ग्रॅमची आणि शेवटच्या तिमाहीत २२ ग्रॅमची भर घालावी, असे राष्ट्रीय पोषण संस्थेचे प्रमाण आहे. शिवराक जेवणातून हे होते, फक्त आपण कडधान्य वाढतो कसे ते बदलायला हवे. सणाच्या दिवशी मुगागाठी (मुगाची भाजी) आणि अळसांद्याचे तोणाक (नारळाच्या वाटणातली कडधान्याची भाजी) करायचे आणि बाकीच्या दिवशी पातळ डाळीचे दोन चमचे भातावर घ्यायचे, हे या महिन्यांत चालणार नाही. मूठभर कोरडे कडधान्य भिजवून शिजवले की त्यातून सात-आठ ग्रॅम प्रथिने मिळतात. दुपारी अशी घट्ट उसळ किंवा तोणाक वाटीभर, रात्री मुगाची खिचडी किंवा कुळथाचे कळण, आणि दिवसभरात दोन पेले दूध किंवा तेवढेच दही, इतके झाले तरी भाताच्या जोडीने गणित बरेचसे जुळते. मुगाला मोड आणलेत तर फारच उत्तम, कारण मोड आल्यावर त्यातील लोह अंगी लागणे सोपे होते. मात्र या काळात मोड कच्चे खाऊ नका, शिजवूनच खा.

सकाळी दहाची पेज सोडू नका. उकड्या तांदळात ब गटातील जीवनसत्त्वे पांढऱ्या पॉलिश तांदळापेक्षा जास्त टिकलेली असतात, आणि पेजेमुळे पोटात पाणीही जाते. पण नुसती पेज आणि लोणच्याची फोड म्हणजे पीठ आणि मीठ एवढेच झाले. तांदूळ धुताना त्यात मूठभर मूग टाका आणि दोन्ही एकत्र मऊ शिजू द्या; पेज घट्ट होते, तिला किंचित गोडसर चव येते, आणि वर खोवलेला नारळ घातला की लोणच्याची आठवणही होत नाही. ज्या दिवशी पेज नको वाटेल त्या दिवशी नाचणीची आंबील किंवा तिझण घ्या. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदूळ आणि गहू याच्या जवळपासही येत नाहीत.

थंड आणि उष्ण याविषयी सासूबाईंशी वाद घालू नका, असा माझा सल्ला आहे. कुळीथ उष्ण वाटत असतील तर त्यांत आमसूल आणि नारळ घालून आठवड्यातून दोनदा करा, नाचणी थंड वाटत असेल तर गरम आंबिलीत सुंठ घाला. असे सुचवले की बहुतेक घरांत वाट निघते. कच्च्या पपईच्या बाबतीत मात्र त्यांचे ऐका. तिच्या चिकात गर्भाशयाचे आकुंचन करू शकणारी द्रव्ये असतात, हे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे, त्यामुळे कच्ची आणि अर्धवट पिकलेली पपई टाळावी. पूर्ण पिकलेल्या पपईच्या दोन फोडी किंवा अननसाच्या दोन चकत्या खाल्ल्याने अपाय होतो असे दिसलेले नाही.

पालेभाजी पावसात टाळण्यामागे चिखल, अळ्या आणि दूषित पाणी ही खरी कारणे आहेत, म्हणून ती वगळण्यापेक्षा नीट निवडावी, तीन-चार पाण्यांतून धुवावी आणि पूर्ण शिजवावी. तांबड्या भाजीत मूग किंवा चण्याची डाळ घाला आणि ताटावर बसल्यावर तिच्यावर लिंबू पिळा. हे लिंबू विसरू नका. भाज्यांतले आणि कडधान्यांतले लोह माशा-मटणातल्या लोहाएवढे सहज शोषले जात नाही, त्याला आंबटाची सोबत लागते. बीट आणि डाळिंब यांनी रक्त वाढते असे सगळेच सांगतात. ती जरूर खावीत, पण त्यांचा रंग लाल असला तरी त्यांत लोह फार थोडे असते, तेव्हा त्यांच्या भरवशावर गोळी सोडायची नाही.

आणि दोन जिवांचे जेवण म्हणजे दुप्पट भात नव्हे. चौथ्या महिन्यापासून दिवसाला साधारण ३५० कॅलरी जास्त लागतात. मधल्या वेळी एक वाटी उसळ आणि एक पेला दूध घेतले की त्यांतला बराचसा भाग भरून निघतो. भाताची दुसरी वाढ आली तर प्रेमाने नको म्हणा आणि त्याऐवजी तोणाक मागून घ्या.


मांडवीकाठ

वरचे उत्तर वाचून समाधान वाटले. मी मासळीविषयी लिहिते, कारण आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तोच व्यवसाय आहे.

बंदी यांत्रिक बोटींच्या समुद्रातील मासेमारीवर असते. नदी आणि खाडीतली मासळी पावसाळ्यातही मिळते. शेवटे, काळुंदर आणि कधी चणक घेऊन बायका सकाळी बाजारात बसतात. श्रावण लागायला अजून थोडे दिवस आहेत, तोपर्यंत ओळखीच्या बाईकडून ताजी खाडीची मासळी घेतली तर तुमच्या सासऱ्यांची शंकाही राहणार नाही. कल्ला उचलून आत लालभडक आहे का पाहायचे, डोळा वर आलेला आणि स्वच्छ असावा, आणि पोटाजवळ बोट दाबल्यावर खळगा तसाच राहू नये.

चतुर्थीनंतर शिवराक संपेल तेव्हा तारले आणि बांगडे यांना पहिली पसंती द्या. लोक पाहुण्यांसाठी इसवण (सुरमई) आणतात आणि गरोदर सुनेलाही प्रेमाने त्याचीच मोठी तुकडी वाढतात, पण बाळाच्या मेंदूसाठी लागणारे ओमेगा-३ तारल्या-बांगड्यांत भरपूर असते आणि लहान मासा असल्याने त्यांत पारा कमी साठलेला असतो. मोठा मासा लहान मासे खाऊन अनेक वर्षे जगतो, त्यामुळे पारा त्याच्या अंगात साठत जातो. म्हणून मोरी (शार्क) या काळात खाऊच नये, आणि मोठा इसवण क्वचितच खावा. लहान मासळी आठवड्यातून दोन-तीन वेळा खायला काहीच हरकत नाही. तारल्याचा बारीक काटा कडक तळून किंवा आंबट घालून मऊ शिजवून चावून खाल्ला तर कॅल्शियमही मिळते.

तिसऱ्या आणि शिनाणे या शिंपल्यांच्या बाबतीत पावसात जपा. ती ज्या पाण्यात असतात तेच गाळून पोटात घेतात, आणि पावसात नदीला सगळी घाण येते. खायचीच झाली तर कवचे उघडल्यानंतरही आणखी काही मिनिटे उकळू द्या आणि जी उघडत नाहीत ती फेकून द्या. सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर, म्हणजे नारळ घातलेली कोशिंबीर, चवीला बरी आणि पोषणालाही चांगली, पण आधी सुंगटे धुऊन मग भाजा, आणि ती तोंडी लावण्याएवढीच घ्या. खारवलेले बांगडे या काळात नकोच, त्यांत मीठ फार असते.


सुरंगी, डिचोली

दोघींचे मनापासून आभार. गोळीची वेळ आजपासून बदलते. सासूबाईंना पहिले उत्तर वाचून दाखवले. मूग घातलेली पेज त्यांच्या माहेरी आजारी माणसाला देत असत, असे त्या म्हणाल्या आणि उद्या स्वतःच करणार आहेत.

आणखी दोन गोष्टी विचारायच्या होत्या. गोळी सुरू केल्यापासून बद्धकोष्ठ फार झाले आहे, त्यावर घरगुती काय करता येईल? आणि पुढे सातव्यात फुले माळण्याचा कार्यक्रम होईल तेव्हा गोडधोड बरेच होणार. माझ्या आईला मधुमेह आहे, म्हणून मनात थोडी धास्ती आहे.


फोंड्याची सून

सुरंगीताई, आईला मधुमेह असल्याची नोंद तुमच्या तपासणीच्या कार्डावर आहे का ते आधी पाहा, नसेल तर करून घ्या. गरोदरपणातील मधुमेहासाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजून दोन तासांनी रक्त तपासतात. १४० किंवा त्याहून जास्त आले तर पुढील उपचार सुरू होतात. ही तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान करायची असते, म्हणजे तुमची दुसरी वेळ लवकरच येईल. ती मुळीच चुकवू नका. मला दुसऱ्या खेपेला साखर निघाली होती, आणि औषधाशिवाय, केवळ जेवण आणि चालणे यांवर ती आटोक्यात राहिली. भात बंद केला नाही, एका वेळी कमी घेतला आणि दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे खाल्ले. फणस आणि आंब्याचा रस तेवढा सोडला. फळ चावून खाल्ले, गाळून प्याले नाही. कार्यक्रमाच्या दिवशी सगळे गोड एका बैठकीत न खाता थोडे चाखावे, बाकीचे आलेल्या सुवासिनींना वाटावे. कुणाला वाईट वाटत नाही.

बद्धकोष्ठासाठी पाणी वाढवा, आठ-दहा पेले तरी पोटात जायला हवेत. पावसात तहान लागत नाही म्हणून पाणी कमी होते. कडधान्ये, भाजीचे देठ, पेरू, भिजवलेले काळे मनुके आणि रोज संध्याकाळी अर्धा तास चालणे यांनी मला फरक पडला. अंगणात निसरडे असेल तर घराच्या सोप्यातच फेऱ्या घाला. जुलाबाचे कोणतेही औषध, आयुर्वेदिक असले तरी, विचारल्याशिवाय घेऊ नका. आडसराचे (शहाळ्याचे) पाणी चांगले, पण त्याने किंवा केशराने बाळ गोरे होते हे खरे नाही.

आपल्याकडे सर्दी झाली की कोमट पाण्यात चमचाभर फेणी देण्याची पद्धत अनेक घरांत आहे, म्हणून हेही लिहिते. गरोदरपणात दारूचे सुरक्षित असे कोणतेही प्रमाण नाही. औषध म्हणूनही फेणी नको आणि हुर्राक (काजूची हलकी दारू) हीही नको.


निवृत्त आरोग्यसेविका, सत्तरी

फोंड्याच्या ताईंनी साखरेचे फार नीट लिहिले आहे. एक गोष्ट माझ्याकडून लिहायची राहिली होती, ती मिठाची. आपल्याकडे बऱ्याच घरांत मिठागरातले जाडे मीठ वापरतात. चवीला ते उत्तम आहे आणि मिठागरे टिकावीत असे मलाही वाटते, पण त्या मिठात आयोडीन घातलेले नसते. गरोदर बाईला दिवसाला सुमारे २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. ते कमी पडले तर त्याचा परिणाम बाळाच्या मेंदूच्या वाढीवर होतो आणि तो नंतर भरून निघत नाही. मासळी खाणाऱ्या घरात थोडे आयोडीन मासळीतून मिळते, तुमच्याकडे आता तीही काही महिने नसणार. म्हणून लोणच्याला आणि मासे खारवायला जाडे मीठ वापरा, पण रोजच्या स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठच घाला. डबा घट्ट झाकणाचा ठेवा आणि चुलीपासून दूर ठेवा. मीठ शक्यतो पदार्थ शिजल्यावर घालावे, कारण उष्णतेने आणि दमटपणाने आयोडीन उडते.

दूध पिशवीचे असो की गोठ्यातले, उकळूनच प्या. चेहऱ्यावर किंवा हातांवर एकाएकी सूज आली, डोके फार दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा रक्तस्राव झाला, तर ते पथ्यपाण्याने बरे होण्याची वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. पुढच्या तपासणीतला हिमोग्लोबिनचा आकडा इथे जरूर कळवा, म्हणजे पुढचे काय ते पाहता येईल.